रात्री साडेतीनची झोप दहावर कशी आणायची?

निगडीहून एका 26 वर्षांच्या तरुणाने विचारलं आहे: "तीन वर्षं अमेरिकन ग्राहकांच्या कॉल प्रोसेसमध्ये होतो. पाळी संध्याकाळी साडेपाच ते रात्री अडीच. घरी येऊन झोपायला साडेतीन, उठायला अकरा. ती नोकरी ऑक्टोबरअखेर सोडली. 1 डिसेंबरला चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात रुजू व्हायचंय. फर्स्ट शिफ्ट, सात ते साडेतीन. कंपनीची बस सव्वासहाला स्टॉपवर येते, म्हणजे साडेपाचला उठणं आलं. आतापर्यंत तीन गोष्टी करून पाहिल्या. साडेपाचचा गजर लावून दुर्गा टेकडीवर फिरायला गेलो, चार दिवसांत ढेपाळलो. एक रात्र पूर्ण जागून दुसऱ्या दिवशी नऊला झोपलो, दोन दिवस छान गेले, मग पुन्हा तीन वाजायला लागले. रोज झोपताना मेलाटोनिनची गमी खातो, फरक नाही. आई म्हणते, हा नुसता आळस आहे. हातात 24 दिवस आहेत. जमेल का?"

जमेल. पण तुम्ही केलेल्या तिन्ही गोष्टींत चूक एकच होती आणि ती बहुतेक सगळे करतात: झोपेला ओढून लवकर आणायला गेलात. झोप ओढून येत नाही. आपल्या हातात असते ती उठण्याची वेळ आणि उठल्यावर डोळ्यांवर पडणारा उजेड. या दोन गोष्टी टप्प्याटप्प्याने अलीकडे आणल्या की झोप आपोआप त्यांच्यामागे येते. खाली सगळं याच क्रमाने सांगतो. का ते आधी सांगतो, कारण कारण कळलं की सहाव्या-सातव्या दिवशी कंटाळा आला तरी माणूस सोडून देत नाही.

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. त्यात, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात तिथे जरा वर, सुमारे 20 हजार पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तेच शरीराचं मुख्य घड्याळ. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाशीवर काम करून शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या कामाची गोष्ट अशी की माणसाचं हे घड्याळ बरोबर 24 तासांचं नसतं. 1999 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी काटेकोर मोजणी केली तेव्हा सरासरी 24 तास 11 मिनिटं निघाली. म्हणजे त्याला मोकळं सोडलं तर ते रोज थोडं थोडं उशिराकडे सरकतं. म्हणून रात्री जागायला शिकावं लागत नाही, लवकर उठायला मात्र शिकावं लागतं. तुम्ही तीन वर्षं या उताराच्याच दिशेने चाललात आणि आता चढ चढायचा आहे. त्यात दिवसाला अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त सरकवायला गेलात तर घड्याळ साथ देत नाही.

आता आईंच्या म्हणण्याबद्दल. रात्री तीनपर्यंत टक्क जागा असणारा आणि सकाळी दहाला हलवूनही न उठणारा मुलगा घरच्यांना आळशी वाटतो, हे मी समजू शकतो. पण तुम्ही तीन वर्षं रोज नऊ तासांची पाळी केलीत, साडेसात तास झोपलात, ठरलेल्या वेळी झोपलात आणि ठरलेल्या वेळी उठलात. तुमची झोप व्यवस्थितच आहे, फक्त चुकीच्या जागी आहे. काही घराण्यांत हा उशिराचा कल जनुकांतूनच येतो. सीआरवाय1 नावाच्या जनुकातला असा एक बदल 2017 मध्ये सापडला आहे. तो तुमच्यात आहे असं मी म्हणत नाही, पण "लवकर उठतो तो चांगला, उशिरा उठतो तो वाया गेलेला" हे समीकरण मी माझ्या ओपीडीत कधीच मान्य करत नाही. त्या समीकरणाने किती मुलं खचलेली मी पाहिली आहेत. आईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांची मदत लागणार आहे.

तुमचे तीन प्रयोग का फसले ते आता बघू.

साडेपाचच्या गजराचं आधी. शरीराचं तापमान रात्रभर उतरत जातं आणि आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी तळाला पोहोचतं. तुम्हाला गजराविना अकराला जाग येते, म्हणजे तुमचा हा तळ सकाळी आठ-नऊच्या दरम्यान आहे. तळानंतर डोळ्यांवर उजेड पडला की घड्याळ अलीकडे येतं. तळाच्या आधी पडला तर उलट होतं, घड्याळ आणखी पुढे जातं, कारण शरीराच्या लेखी ती अजून रात्र असते आणि तो उजेड रात्रीचा उजेड ठरतो. तुम्ही साडेसहा ते साडेसात दुर्गा टेकडीवर उगवत्या सूर्यासमोर चालत होतात. सगळं जग ज्याला उत्तम सवय म्हणतं तीच त्या आठवड्यात तुमच्या घड्याळाला उलट्या दिशेने ढकलत होती. वर साडेतीन ते साडेपाच एवढीच झोप. ढेपाळला नसतात तरच नवल. टेकडी सोडू नका, पण तिची वेळ यायला अजून दोन आठवडे आहेत.

रात्रभर जागण्याचं दुसरं. झोप दोन गोष्टींवर चालते. झ्युरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये हे गणित मांडलं. एक घड्याळ, दुसरा झोपेचा दाब. जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, तोच हा दाब. छत्तीस तास जागलात की दाब इतका वाढतो की घड्याळ काहीही म्हणो, नऊला डोळे मिटतात. एक-दोन रात्री भरपूर झोपलात, दाब उतरला. घड्याळ मात्र होतं तिथेच, साडेतीनवर. त्यामुळे तीन वाजायला लागले. यात तुमच्या निश्चयाचा काही दोष नव्हता. जागरणाने घड्याळ हलत नाही, एवढंच. शिवाय घरात कुणाला बायपोलर आजार असेल तर असं जागरण चुकूनही करू नये, त्याने उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो.

गमीचं तिसरं. मेलाटोनिन हे झोपेचं औषध म्हणून दुबळं आहे, घड्याळाला "रात्र झाली" असा निरोप देणारं म्हणून चांगलं आहे. निरोप वेळेवर गेला तर उपयोग. रात्री तीनला तुमचं शरीर स्वतःच भरपूर मेलाटोनिन बनवत असतं. तेव्हा वरून आणखी दिलं तर घड्याळ फारसं सरकत नाही. घड्याळ अलीकडे आणण्यासाठी ते सध्याच्या झोपेच्या वेळेच्या चार ते सहा तास आधी घ्यायचं असतं आणि मात्रा लहान लागते, अर्धा मिलिग्रॅमसुद्धा पुरतो. घ्यायचं असेल तर डॉक्टरांना दाखवून मात्रा आणि वेळ ठरवा. तुम्ही दुसरी काही औषधं घेत असाल तर ते जास्तच गरजेचं. आणि ते घेतल्यावर दुचाकीवर बसू नका. तुमच्या वयाला, तीन आठवडे हातात असताना, ते नसलं तरी चालेल असं माझं मत आहे.

आता काय करायचं ते.

एकच वेळ धरायची, उठण्याची. 8 नोव्हेंबरपासून सुरू करा. पहिले दोन दिवस साडेदहाला उठायचं, पुढचे दोन दिवस दहाला, मग साडेनऊला, असं दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे. अकरापासून साडेपाचपर्यंत अकरा पायऱ्या होतात, बावीस दिवस लागतात, 29 नोव्हेंबरला तुम्ही साडेपाचला उठत असाल. एक दिवस हाताशी उरतो. दोन दिवसांची पायरी हळू वाटेल. पहिल्या आठवड्यात तर "हे मी एका झटक्यात करू शकतो" असं तीव्रतेने वाटेल. करू नका. पहिल्या दिवसाची हौस म्हणून नऊला उठणारे दहाव्या दिवशी पुन्हा अकराला उठताना मी पाहिले आहेत.

झोपायची वेळ धरायची नाही. फक्त एक मर्यादा पाळा: उठण्याच्या वेळेआधी आठ तासांहून लवकर अंथरुणावर जायचं नाही. साडेदहाला उठायचं असेल तर अडीचच्या आधी आडवं व्हायचं नाही. हे ऐकून लोक चक्रावतात. "डॉक्टर, मी लवकर झोपायला शिकायला आलोय आणि तुम्ही अडीचपर्यंत जागं राहायला सांगताय?" हो, सांगतोय. कारण नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे चोवीस तासांतले सगळ्यात जागे तास असतात. इस्राएलमधले पेरेट्झ लावी यांनी 1986 मध्ये हे दाखवलं. लोकांना दर वीस मिनिटांनी सात मिनिटं आडवं व्हायला सांगायचे आणि झोप लागते का बघायचे. झोपेच्या वेळेच्या ऐन आधीच्या पट्ट्यात, दमलेली माणसंही, जवळजवळ झोपूच शकली नाहीत. तुमचा तो पट्टा सध्या साधारण साडेबारा ते अडीच आहे. दहाला दिवा बंद करून पडलात तर तीन-चार तास कूस बदलण्यात जातील, डोक्यात नव्या नोकरीचे विचार फिरतील, आणि मेंदू शिकेल की अंथरूण ही काळजी करण्याची जागा आहे. मग घड्याळ बरोबर आल्यावरही झोप लागणार नाही. उशिराची झोप आणि निद्रानाश हे वेगळे आजार आहेत. पहिल्यावर चुकीचा उपाय केला की दुसरा मागे लागतो.

अंथरुणावर पडून वीस-एक मिनिटं झाली आणि झोप नाही असं वाटलं (घड्याळ बघू नका, अंदाजाने) तर उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा. घड्या घाला, जुनं मासिक वाचा. पेंग आली की परत जा. हे नियम रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये लिहिले आणि पन्नास वर्षांनंतरही त्यांच्याहून चांगलं काही आलेलं नाही.

उजेड हा सगळ्यात मोठा भाग आहे, इथे काटकसर करू नका. उठल्यापासून पंधरा-वीस मिनिटांच्या आत घराबाहेर पडा आणि किमान अर्धा तास बाहेर राहा. गच्चीवर, सोसायटीच्या आवारात, कुठेही. खिडकीशी बसणं पुरत नाही. आपल्या घरात ट्यूब लावल्यावर शंभर ते तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारोंनी लक्स असतात, उन्हात लाखापर्यंत जातात. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही कारण बाहुली लगेच लहान होते, पण डोळ्यांच्या पडद्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असणाऱ्या खास पेशी आहेत. त्यांचं काम बघणं नाही, उजेड मोजून घड्याळाला कळवणं हे आहे. त्यांना कळतो. सूर्याकडे थेट बघायचं नाही, गॉगल लावायचा नाही, चष्मा असेल तर चालतो. चहाचा कप, ब्रश, फोनवरचं बोलणं, सगळं तिथेच करा.

पहिल्या आठवड्यात याच्या जोडीला एक उलटी गोष्ट लागेल. सकाळी साडेसहापासून तुमच्या खोलीत ऊन येत असेल, आणि तो तुमच्यासाठी अजून चुकीचा उजेड आहे. जाड पडदा लावा किंवा खिडकीवर जुनी चादर खिळवा, आणि उठायच्या वेळेला ती झटकन बाजूला करा. त्यासाठी आई लागतील: साडेदहा म्हणजे साडेदहाला येऊन पडदा ओढायचा, साडेनऊला कौतुकाने किंवा रागाने उठवायचं नाही. उठायची वेळ साडेसहावर येईल तेव्हा पडदा कायमचा काढून टाका. दुर्गा टेकडी या टप्प्यावर सुरू करा. आता तो सूर्य तुमच्या बाजूचा आहे.

संध्याकाळचं सोपं आहे, पण घरातल्या सगळ्यांचं आहे. झोपायच्या दोन तास आधी हॉलमधली पांढरी ट्यूब बंद आणि कोपऱ्यात एक पिवळा, कमी वॅटचा दिवा. घरात मालिका चालू असेल तर टीव्ही चालू राहू दे, लांब बसा. फोनबद्दल मी इतरांपेक्षा जरा वेगळं सांगतो. ब्राइटनेस कमी केलेल्या फोनचा उजेड डोक्यावरच्या ट्यूबपेक्षा कमीच असतो. फोनचं खरं नुकसान असं की रील संपत नाही. एकच्या पट्ट्यात तुम्ही तसेच टक्क जागे असता आणि हातात न संपणारी गोष्ट असते. त्यामुळे निळा रंग काढणारा फिल्टर लावून दोनपर्यंत रील बघण्यात काही अर्थ नाही. चार्जर स्वयंपाकघरात ठेवा, गजराला साधं घड्याळ आणा.

चहा. कॅफिन ॲडेनोसिनची जागा अडवतं, म्हणजे दाब असतो पण मेंदूला कळत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी अर्धं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना सात. रात्रपाळीत तुम्हाला बारा-एकच्या कटिंगची सवय असणार. शेवटचा चहा झोपेच्या आठ तास आधी, आणि पायरी अलीकडे आली की तोही अलीकडे. दहाला झोपायचं त्या दिवसांत दोननंतर चहा नाही. दुधात हळद, लिंबू सरबत, काहीही चालेल.

जेवणाचंही घड्याळ असतं, यकृतात आणि चरबीच्या पेशींत. 2017 मध्ये इंग्लंडच्या सरे विद्यापीठात काही निरोगी तरुणांची जेवणं पाच तास उशिरा केली, तर त्यांच्या रक्तातल्या साखरेचा रोजचा चढउतार जवळपास तेवढाच मागे पडला. मेंदूचं मुख्य घड्याळ मात्र जागचं हललं नाही. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की रात्री एकची मॅगी आणि भुर्जी चालू ठेवून फक्त उजेडावर काम केलंत, तर मेंदू चाकणला आणि पोट अमेरिकेत अशी गत होईल. पहिली ॲसिडिटी तिथूनच सुरू होते. उठल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता, पोहे, उपमा, भाकरी-दूध, जे घरात होतं ते. शेवटचं जेवण झोपेच्या अडीच-तीन तास आधी. पायऱ्या सरकतील तशी जेवणंही सरकवा.

आंघोळ झोपेच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने करून पाहा. कातडीतलं रक्त वाढतं, आतली उष्णता बाहेर जाते, शरीर थंड होत जातं आणि झोप जरा लवकर लागते. दारूने झोप लवकर लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्री ती तुकड्या-तुकड्यांची होते. या तीन आठवड्यांत ती नकोच.

लिहून ठेवा. दूधवाल्याचा हिशोब आपण कॅलेंडरच्या चौकोनात लिहितो तसा, तारखेखाली तीन आकडे: दिवा कधी बंद केला, अंदाजे झोप कधी लागली, कधी उठलो. याहून जास्त लिहू नका. मनगटावरची घड्याळं झोपेचे टप्पे मोजून देतात, गाढ किती, स्वप्नांची किती. ते आकडे बघून माणसं उगाच चिंतेत पडतात, आणि टप्प्यांच्या बाबतीत ती घड्याळं बऱ्याचदा चुकतात. चौकोनातले तीन आकडे खोटं बोलत नाहीत. एखाद्या पायरीवर दोन्ही दिवस झोप लागायला तासाहून जास्त लागला तर पुढे जाऊ नका, त्याच पायरीवर आणखी एक दिवस थांबा. म्हणूनच तो एक दिवस मोकळा ठेवला आहे. आणि चार ते सहा वेळा थांबावं लागलं तर 1 तारखेला तुम्ही सहाच्या किंवा साडेसहाच्या पायरीवर असाल. तेवढाही फरक प्रचंड आहे. उरलेला तास नोकरी सुरू झाल्यावर आठवड्याभरात भरून निघतो.

मधेच चुकेल एक दिवस. तुळशीची लग्नं झाली की लग्नसराई सुरू होते, मित्राच्या हळदीत दीड वाजेल. जा. पण दुसऱ्या दिवशी उठायचं ठरल्या वेळेला. झोप कमी पडली तर दुपारी वीस-पंचवीस मिनिटं पडा, गजर लावून. सकाळी दोन तास जास्त झोपलात तर रात्रीसाठी झोपेचा दाबही कमी पडतो आणि सकाळचा उजेडही बुडतो, म्हणजे दुहेरी नुकसान. रविवारचं तसंच. कामाच्या दिवशी साडेपाच आणि रविवारी दहा हे शरीरासाठी दर आठवड्याला परदेशी जाऊन येण्यासारखं आहे. जर्मनीतले टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये याला सोशल जेटलॅग म्हटलं. रविवारी फार तर साडेसहापर्यंत लोळा.

आता 1 डिसेंबरनंतरचं, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. पुण्यात तेव्हा सूर्य पावणेसातनंतर उगवतो. तुम्ही साडेपाचला उठाल तेव्हा बाहेर काळोख असेल. घरातले सगळे दिवे लावा, अंघोळीपर्यंत अंधारात वावरू नका. बसमध्ये उजव्या बाजूची खिडकी पकडा. निगडीहून तळवडेमार्गे चाकणला जाताना हिवाळ्यातला सूर्य त्याच बाजूला उगवतो, आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं तुम्हाला उजाडतानाचा उजेड मिळेल. सकाळच्या बसमध्ये सगळे झोपतात. तुम्ही झोपू नका, निदान पहिले दोन महिने. कारखान्याच्या शेडमध्ये बाहेरच्या मानाने उजेड फार कमी असतो, म्हणून नऊ-साडेनऊच्या चहाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या आत बसण्यापेक्षा बाहेर उभं राहून चहा प्या.

आणि संध्याकाळ. फर्स्ट शिफ्टवाल्यांचा खरा शत्रू ही संध्याकाळ आहे. घरी सव्वाचार-साडेचारला पोहोचता, दमलेले असता, "जरा पडतो" म्हणून पडता आणि सातला उठता. झोपेचा सगळा दाब तिथेच उतरतो आणि रात्री बारा वाजतात. पुन्हा साडेपाच. आठवड्यात माणूस पाच तासांच्या झोपेवर येतो आणि म्हणतो, मला सकाळची पाळी सोसत नाही. डुलकी घ्यायचीच तर परतीच्या बसमध्ये घ्या, अर्ध्या तासाची, तीही उतरेपर्यंत मोडेल अशी. घरी आल्यावर बसू नका. भाजी आणा, जिमला जा, क्रिकेट खेळा. व्यायामाला ही वेळ उत्तम आहे. पहिल्या आठवड्यात बस चुकली म्हणून पहाटे दुचाकीने चाकण गाठायचं मात्र टाळा. जाग आल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास मेंदू पूर्ण ताळ्यावर नसतो, त्या रस्त्यावर कंटेनर असतात, आणि एक रिक्षा किंवा सहकाऱ्याची गाडी स्वस्त पडते.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं? जोरात घोरत असाल, झोपेत श्वास थांबतो असं घरचे सांगत असतील, सकाळी डोकं जड असेल, किंवा सात-आठ तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील तर हा वेळेचा प्रश्न नाही, श्वासाचा असू शकतो, तो तपासून घ्या. रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर रक्तातलं लोह आणि फेरिटिन (लोहाचा साठा) बघावं लागतं. मन उदास आहे, कशातच रस नाही आणि म्हणून उठवत नाही, असं असेल तर वेळापत्रक आधी नको, त्या उदासीवर आधी उपचार. आणि इतकं सगळं नीट करूनही सहा आठवड्यांत घड्याळ दोन तासही हललं नाही तर झोपतज्ज्ञांकडे जा. काही जणांचं घड्याळ खरोखर हट्टी असतं, त्यांना ठरावीक वेळेला प्रकाशपेटी (तीव्र उजेड देणारा दिवा) आणि मेलाटोनिन मोजून द्यावं लागतं.

एक चौकशी मात्र आजच करा, नियुक्तीपत्र हातात आहे तोवर. फर्स्ट शिफ्ट कायमची आहे की पाळ्या फिरत्या आहेत, आणि फिरत्या असतील तर किती दिवसांनी आणि कुठल्या क्रमाने? चाकणला बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षणाचे महिने फर्स्टला ठेवतात आणि मग फिरवतात. फर्स्टनंतर सेकंड, मग थर्ड, हा क्रम शरीराला झेपतो, कारण घड्याळ उशिराकडे सहज जातं. थर्डहून सेकंड आणि सेकंडहून फर्स्ट असा उलटा क्रम सगळ्यात त्रासाचा. काही कंपन्यांत क्रम बदलून मागता येतो, विशेषतः पाच-सहा जणांनी मिळून सुपरवायझरकडे लेखी मागितला तर. फिरत्या पाळ्या आहेत असं कळलं तर थर्ड शिफ्टच्या आठवड्याचं गणित पूर्ण वेगळं असतं. तेव्हा पाळ्यांचा तक्ता घेऊन पुन्हा विचारा.